पुड्या मी फेकल्या

सासूबाईंचं आणि माझं कधी जमलं नाही. एका घरात बावीस वर्षं राहून न जमणं हेही एक प्रकारचं जमणंच, असं काही जण म्हणतात. ते त्या घरात राहत नाहीत. आमच्या घरात सकाळी उठल्यापासून एकमेकींच्या भांड्यांचा आवाजसुद्धा दोघींना खुपतो. त्या मला नावानं हाक मारत नाहीत. ‘मास्तरीण’ म्हणतात, आणि तेही दुसऱ्या कुणाला सांगितल्यासारखं: “मास्तरणीला विचारा, भाजीत मीठ घालायचं शास्त्रात हाय का न्हाय.”

मी नर्सिंगच्या शाळेत शरीरक्रियाशास्त्र शिकवते. अठरा वर्षं झाली. शरीर कसं चालतं हे मुलींना सांगायचं, फळ्यावर काढायचं, परीक्षेत विचारायचं. नवरा होटगीला रेल्वेत आहे, सकाळी सहाला घर सोडतो. म्हणजे दिवसभर घरात सासूबाई आणि मी, किंवा सासूबाई आणि त्यांची मुलगी. माझी ही नणंद शहरातच राहते, पंधरा मिनिटांवर. आठवड्यातून तीनदा येते. आली की दोघी कन्नड सुरू करतात. सासूबाईंचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडलं. त्यांच्या घरी मराठी आणि कन्नड दोन्ही चालायचं. आमच्या घरी मात्र कन्नड फक्त माझ्यासमोर, मला कळू नये म्हणून चालतं.

मला सगळं कळतं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षीच कळायला लागलं होतं. मी सांगितलं नाही. स्वतःविषयी लोक काय बोलतात हे फुकटात ऐकायला मिळत असेल, तर कोण सोडेल?

तर पुड्यांची गोष्ट. सासूबाईंचे गुडघे दुखायचे. खरंच दुखायचे, ते मी नाकारत नाही. दोन जिने उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी उतरायच्या. हाडांच्या डॉक्टरांनी वजन कमी करा, व्यायाम करा असं सांगितलं, तेव्हा दोघी मायलेकी रिक्षात बसेपर्यंत त्यांना हसत होत्या. मग नणंदेनं शोध लावला. वळसंगच्या बाजूला एक माणूस गुरुवारी पुड्या देतो. कागदाच्या छोट्या पुड्या, करड्या रंगाची पूड, सकाळी एक, रात्री एक, कोमट पाण्यातून. झाडपाला आहे म्हणे. पथ्य फक्त दोन. वांगं खायचं नाही, आणि पुडीविषयी डॉक्टरला सांगायचं नाही. सांगितलं की गुण जातो.

दुसरं पथ्य ऐकलं तेव्हाच मी उभं राहायला हवं होतं. मी तेव्हा उत्तरपत्रिका तपासत होते. वर न बघता म्हणाले, “काय आहे त्यात?”

“झाडपाला, वैनी,” नणंद म्हणाली. “तुमच्या पुस्तकात नसंल.”

चौथ्या दिवशी सासूबाई जिना उतरून खाली गेल्या आणि कठड्याला हात न लावता वर आल्या. शेजारणींना बोलावून दाखवलं. पुढचे तीन महिने आमच्या जिन्यावर त्या माणसाची कीर्ती सांगितली गेली. इथून किमान सात बायका टमटममध्ये बसून वळसंगला गेल्या.

सासूबाईंना भूक लागायला लागली. दीड भाकरीवरून साडेतीन भाकऱ्या. शेंगाचटणीचा डबा चार दिवसांत संपायला लागला. चेहरा भरला, गाल गुबगुबीत झाले. शेजारीण म्हणाली, “आजींची तब्येत काय सुधारली हो!” हातावर जरा काही लागलं की जांभळे डाग पडायचे. मानेच्या मागं गादीसारखी चरबी आली. मग एकदा लघवीला सारखं जावं लागतं म्हणून रक्त तपासलं, तर साखर दोनशे ऐंशीच्या वर. नेहमीच्या डॉक्टरांनी साखरेची गोळी सुरू केली. आणखी काही औषध चालू आहे का, असं त्यांनी विचारलं. “काय बी न्हाय,” सासूबाई म्हणाल्या. पथ्य पाळलं.

मी तिथंच उभी होते. गोल चेहरा, मानेवर गादी, हातावर डाग, वाढलेली साखर. हे चित्र मी दर वर्षी फळ्यावर काढते. फक्त ते चित्र माझ्या स्वयंपाकघरात चौदा महिने भाकऱ्या खात फिरत होतं आणि मला दिसलं नाही. याचं कारण सोपं आहे. ज्या माणसाकडं आपण रोज रागानं बघतो, त्याच्याकडं आपण नीट बघत नाही.

दिसलं ते एका गुरुवारी, वर्गात. मी मुलींना अधिवृक्क ग्रंथी शिकवत होते. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी. मी नेहमी एकच उदाहरण देते. आमच्या भागात पूर्वी ज्वारी पेवात ठेवायचे. जमिनीत खोल खड्डा, आत ज्वारी, वर झाकण. सुगीत भरायचं, नड आली की काढायचं. यकृत हे शरीराचं पेव. जेवणातली साखर रक्तात आली की यकृत ती साखळीसारखी जोडून साठवतं. या साठ्याचं नाव ग्लायकोजेन. आता पेवावर दोन माणसं नेमलेली आहेत आणि दोघंही याच ग्रंथीचे नोकर. ग्रंथीच्या आतल्या भागातून येतं ॲड्रेनलिन. हा घाईचा माणूस. कुत्रं मागं लागलं, भूक लागून साखर उतरली, भांडण झालं, की हा धावत येतो, झाकण उघडतो, साखर रक्तात ओततो. बाहेरच्या सालीतून येतं कॉर्टिसोल. हा शांत माणूस. हा पेव भरून ठेवतो. जेवणात कमी पडलं तर स्नायू मोडून त्यातून साखर बनवतो, पण पेव रिकामं पडू देत नाही. घाईच्या माणसाला झाकण उघडता येतं खरं. पण शांत माणसानं आधी भरूनच ठेवलं नसेल, तर तो उघडून काय काढणार?

पुढं स्टेरॉइडची गोळी. ती या शांत माणसाची नक्कल. जास्त झाली की साखर चढते, चेहरा गोल होतो. हे मी फळ्यावर लिहीत होते, आणि गोल चेहरा काढताना खडू थांबला. मुली वाट बघत होत्या. मी चित्र पुसलं, तास आटोपला, घरी आले.

सासूबाईंच्या कपाटात, साड्यांच्या खाली, बिस्किटाच्या डब्यात पुड्या होत्या. एक उघडून बघितली. करड्या पुडीत पांढरे कण वेगळे दिसत होते. कुटलेली गोळी. झाडपाला चार दिवसांत गुडघा मोकळा करत नाही, आणि चौदा महिन्यांत मानेवर गादी आणत नाही. मी डबा उचलला, मोरीत गेले, सगळ्या पुड्या एकेक उघडून ओतल्या आणि वरून बादलीभर पाणी सोडलं.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पुड्यांचं त्यांना पुढच्या क्षणाला कळलं. पहिल्यांदा दिसलं ते पाणी.

“पाच दिसांनी नळ येतोय आन् ही बादल्या ओततीया!”

“पुड्या ओतल्या. विष होतं त्यात.”

“माझ्या पुड्या?”

“हो.”

त्यांनी रिकामा डबा उचलून आत बघितलं. मग शिव्या सुरू झाल्या. आधी मराठीत, मग कन्नडमध्ये, कारण कन्नडमध्ये त्यांच्याकडं जास्त चांगल्या आहेत.

संध्याकाळी नणंद आली. मी तिला सरळ सांगितलं, “वन्सं, आता पुडी आणायची नाही. त्यात स्टेरॉइड आहे. त्यामुळंच आईंची साखर वाढलीय.”

“तुमी तपासलं का?”

“तपासायची गरज नाही. चेहरा बघा.”

“चेहरा बघून औषध कळतंय होय? वा!” ती भावाकडं वळली. नवरा टीव्हीकडं बघत होता. तो बंद होता. “दादा, ऐकतोयस ना? बरं. न्हाय आणत. वैनीच्या शास्त्रावर सोडते अव्वाला. आठ दिवसांत गुडघा धरून रडली ना, मग माझ्याकडं येऊ नका.”

“येणार नाही,” मी म्हणाले.

झालं. त्या घरात त्या दिवशी पैज लागली आणि तिच्यात गुडघे, ग्रंथी, यकृत, सगळं पणाला लागलं. फक्त ते ज्या बाईचं होतं, तिला कुणी विचारलं नाही.

पुढचे अकरा दिवस मी घडले तसे सांगते, त्यात स्वतःला सोडत नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाई बिछान्यातून उठल्या नाहीत. सांधे दुखतात म्हणाल्या. मला वाटलं, अपेक्षितच आहे. चौथ्या दिवशी जेवण अर्धं टाकलं. अन्नाचा वास नको वाटतो, मळमळतं. मला वाटलं, नाटक. पुडी मिळावी म्हणून. सहाव्या दिवशी मोरीतून येताना भिंतीला धरून उभ्या राहिल्या, डोळ्यांसमोर अंधारी आली म्हणाल्या. मी म्हणाले, “जेवत नाही, मग येणारच अंधारी.” सातव्या दिवशी रात्री ताटाला हात न लावता म्हणाल्या, “लई थकवा आलाय गं.” त्यांनी मला ‘गं’ म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि मी काय केलं? मनात म्हणाले, आता गोड बोलून मागणार.

रोज सकाळी साडेसातला साखरेची गोळी मात्र मी वेळेवर दिली. पेला भरून पाणी, तळहातावर गोळी, गिळेपर्यंत समोर उभं राहायचं. माझी शिस्त. पुडीनं चढवलेली साखर उतरवण्यासाठी ती गोळी होती. आता पुडी नव्हती. गोळी होती, मी होते, माझी शिस्त होती.

माझ्या मुलींना मी आणखी एक गोष्ट शिकवते आणि तांबड्या पेनानं अधोरेखित करायला लावते. स्टेरॉइड महिनोन् महिने घेतलं की स्वतःची ग्रंथी काम सोडते. बाहेरून आयता माल येतोय, ती कशाला हलेल? प्लास्टरमध्ये ठेवलेला हात जसा वाळतो, तशी ती वाळते. म्हणून स्टेरॉइड एकदम बंद करायचं नाही. थोडं थोडं उतरवायचं, तिला जागं व्हायला वेळ द्यायचा. हे वाक्य माझ्या नोट्समध्ये अठरा वर्षं आहे. एखाद्या मुलीनं परीक्षेत ते लिहिलं नाही तर मी दोन गुण कापते.

अकरावा दिवस सोमवार. श्रावणातला. सासूबाईंचा उपवास. त्यांचा उपवास साबुदाण्याचा नसतो. दिवसभर पाणी, संध्याकाळी दिवा लावून मगच ताट. आदल्या रात्री त्यांनी दोन घासच खाल्ले होते. नवरा निघताना म्हणाला, “अव्वाला आज उपास नको करू दे.” मी म्हणाले, “करू दे. साखर जरा उतरेल.” आणि साडेसातला गोळी दिली. उपवासाला औषध चालतं, असं त्याही म्हणाल्या.

शाळा मला दुपारची होती. पावणेअकराला मी पर्स घेऊन निघाले तेव्हा त्या खाटेवर बसून साडीचा पदर घडी करत होत्या. घडी करायच्या, उलगडायच्या, परत करायच्या. कपाळावरून घामाच्या धारा. ब्लाउज पाठीला चिकटलेला. हात थरथरत होते. मी विचारलं, “काय होतंय?” त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मेलेल्या बहिणीच्या नावानं मला हाक मारली.

मला तो घाम कळला. ॲड्रेनलिनचा घाम. साखर पडली होती, घाईचा माणूस धावत आला होता, पेवाचं झाकण उघडून आत हात घालत होता. आत काही नव्हतं. भरणारा माणूस चौदा महिने झोपला होता, त्याच्या जागी आणून बसवलेल्या नकली माणसाला मी मोरीतून वाहून दिलं होतं, आणि वर उपवास, आणि वर गोळी. हे सगळं मला एका क्षणात कळलं, पाटी वाचावी तसं. कळून काय उपयोग?

साखरेचं पाणी करून तोंडाशी नेलं. दात घट्ट. “उपास,” एवढंच म्हणाल्या. मी बोटावर साखर घेऊन गालाच्या आत घासली. त्या चावल्या. खूण अजून आहे. खालच्या मजल्यावरच्या बाईला हाक मारली, दोघींनी मिळून उतरवलं, रिक्षात घातलं. नवऱ्याला फोन केला. मग नणंदेला. तिचा नंबर लावायला मी जास्त वेळ घेतला, हे लिहून ठेवते.

दवाखान्यात साखर अडतीस निघाली. शिरेतून ग्लुकोज लावलं. दहा मिनिटांत सासूबाईंचे डोळे जाग्यावर आले. पहिलं वाक्य मला उद्देशून होतं.

“उपास मोडलास माझा.”

“शिरेतून गेलं, तोंडातून नाही,” मी म्हणाले. “मोडत नाही.”

नणंद येऊन पोचली होती. तिनं मला बाजूला सारून आईचा हात हातात घेतला. नवरा तासाभरानं आला. डॉक्टर तरुण होता, फार झोपलेला नव्हता असं दिसत होतं. म्हणाला, “साखरेची गोळी घेऊन उपास केलाय आजींनी. त्यामुळं झालंय. एक-दोन दिवस ठेवू.” सगळ्यांनी माना हलवल्या. उत्तर सापडलं होतं. दोष उपवासावर गेला होता, आणि उपवास सासूबाईंचा होता. मला सुटल्यासारखं वाटलं. ते मी लपवणार नाही.

पण सासूबाईंना ओकारी यायला लागली. रक्तदाब वर येईना. ऐंशी, पन्नास. सलाईनची दुसरी बाटली लावली, तरी ऐंशी. वॉर्डातली सिस्टर माझीच एक जुनी विद्यार्थिनी निघाली. आल्याबरोबर तिनं मला ओळखलं होतं, ‘मॅडम’ म्हणून खुर्ची दिली होती. तिनं परत बोट टोचलं आणि वळून म्हणाली, “सर, परत उतरली. छप्पन्न.”

डॉक्टर परत आला. या वेळी त्याचा चेहरा वेगळा होता. “गोळीनं साखर परत पडू शकते,” तो म्हणाला. “पण प्रेशर का येत नाहीये? कुठं जंतुसंसर्ग आहे का बघावं लागेल. अतिदक्षता विभागात हलवावं लागेल. नीट आठवून सांगा, आणखी काही औषध चालू आहे? किंवा होतं? काहीही. आयुर्वेदिक, घरगुती?”

“काही नाही हो,” नणंद म्हणाली. “फक्त साखरेची गोळी.”

नवरा फरशीकडं बघत होता. बावीस वर्षांत या माणसानं आमच्या घरातल्या सगळ्या फरशा पाठ केल्या आहेत.

मी बोलले नाही. मोजून सांगायचं तर दोन-तीन मिनिटं असतील. त्या वेळात मला काय दिसत होतं तेही सांगते. माझी विद्यार्थिनी हातात फाइल घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडून दोन गुण कापून घेतले असतील किंवा नसतील, पण ते अधोरेखित वाक्य तिनं नक्की लिहिलं होतं. मी तोंड उघडलं तर मला सांगावं लागणार होतं की पुडी होती, ती मी थांबवली, एका दिवसात, बादलीभर पाणी ओतून. नणंदेला बाराखडीसारखं सोपं वाक्य मिळणार होतं: वैनीनं केलं. आणि ते खरं होतं.

डॉक्टर खाटेवर वाकला. “आजी, तुम्ही सांगा. दुसरं काही घेत होता?”

सासूबाईंनी तोंड उघडलं. ओठ कोरडे होते. नणंद त्यांच्या कानाशी वाकली आणि हळू म्हणाली, “हेळब्याड, अव्वा.” सांगू नकोस. सासूबाईंनी तोंड मिटलं. मरायला टेकलेली बाई पथ्य पाळत होती. गुण जाऊ नये म्हणून.

“ना हेळ्तीनी,” मी म्हणाले. मी सांगते.

नणंदेची मान इतक्या वेगानं वळली की तिच्या कानातलं हललेलं मला दिसलं. सासूबाईंनीही डोळे उघडले. त्या दोघींच्या चेहऱ्यावर त्या क्षणी आजारपण नव्हतं, भीती नव्हती. दोन दशकांचा हिशोब होता. काय काय ऐकलं असेल हिनं?

मी डॉक्टरकडं वळले. “चौदा महिने गुडघ्यांसाठी पुड्या घेत होत्या. वळसंगच्या बाजूच्या एका माणसाकडच्या. त्यात स्टेरॉइड असणार. चेहरा बघा, मान बघा, हातावरचे डाग बघा. अकरा दिवसांपूर्वी मी सगळ्या फेकून दिल्या. एकदम. तेव्हापासून मळमळ, अशक्तपणा, अंधारी. मला नाटक वाटलं.”

डॉक्टरनं सासूबाईंच्या गालाकडं बघितलं. मानेखाली हात घातला. दंडावरचा जांभळा डाग अंगठ्यानं दाबून पाहिला. मग सिस्टरकडं वळून म्हणाला, “हायड्रोकॉर्टिसोन शंभर. आत्ता.” ती आधीच निघाली होती. हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे तोच शांत माणूस, इंजेक्शनमधून; रक्तदाब धरून ठेवणं हेही त्याचंच काम.

जाताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही. ते मला सासूबाईंच्या चाव्यापेक्षा जास्त लागलं, पण तो त्या दिवसातला सगळ्यात छोटा भाग होता.

डॉक्टर परत माझ्याकडं आला. “तुम्ही काय करता?”

“शरीरक्रियाशास्त्र शिकवते. नर्सिंगला.”

त्यानं ते कागदावर लिहून घेतलं. काही बोलायची त्याला गरज नव्हती. नणंदेला मात्र होती.

“म्हणजे तुमीच केलं हे, वैनी.”

“अर्धं,” मी म्हणाले. “अर्धं तुम्ही. आणून दिलंत ते तुमचं, ओतलं ते माझं. आत्ता आईंना सांगू नको म्हणालात, तेही तुमच्या अर्ध्यात घाला.”

“बास करा!” नवरा म्हणाला. त्याला आवाज आहे हे त्या दिवशी कळलं.

संध्याकाळपर्यंत रक्तदाब एकशे दहाला आला. साखर एकशे चाळीसवर टिकली. ओकारी थांबली. सासूबाई उठून बसल्या आणि त्यांनी दवाखान्याचा चहा कोमट आहे म्हणून तक्रार केली. पेव भरायला लागलं होतं. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, “लेक किती सेवा करतेय हो तुमची.” सासूबाई म्हणाल्या, “व्हय. सून बी करती. वेगळ्या परकारची.”

चौथ्या दिवशी घरी आणलं. डॉक्टरांनी सकाळची स्टेरॉइडची गोळी लिहून दिली आहे, आता उघड नाव घेऊन, बाटलीवर लेबल लावून. महिन्या-महिन्यानं थोडी थोडी कमी करायची. ताप आला, पडल्या, ऑपरेशन ठरलं, तर वाढवायची. ग्रंथी जागी व्हायला वर्षही लागेल, म्हणाले. वेळापत्रक मी फ्रिजवर चिकटवलं आहे. साखरेची गोळी बंद झाली. साखर आपोआप उतरली, जेवढी पुडीनं चढवली होती तेवढी. गुडघे परत दुखायला लागले. त्याबद्दल मला रोज ऐकावं लागतं आणि ते ऐकणं माझ्या वाट्याचं आहे, म्हणून मी उत्तर देत नाही. क्वचितच देते.

नणंद आता आठवड्यातून चारदा येते. आली की आधी फ्रिजवरचं वेळापत्रक वाचते, बाटलीतल्या गोळ्या मोजते. मला तपासते. बरोबर करते. तिच्या जागी मी असते तर मीही मोजल्या असत्या. पुड्या देणारा माणूस अजून गुरुवारी बसतो. मी आमच्या जिन्यावरच्या सातही बायकांच्या घरी गेले. आत्ताच बंद करू नका, आधी डॉक्टरला दाखवा आणि पुडीचं सांगा, असं प्रत्येकीला सांगितलं. पाच जणींनी दार लावून घेतलं. दोघी गेल्या. त्यातल्या एकीनं पुढं मला सांगितलं की डॉक्टरला सगळं सांगितलं, फक्त पुडीचं नाही.

दोघी मायलेकी माझ्यासमोर आता कन्नड बोलत नाहीत. गच्चीवर जातात. गुडघे दुखत असताना जिना चढून जातात, म्हणजे काहीतरी तितकंच महत्त्वाचं असणार.

उपवासाला डॉक्टरांनी सक्त मनाई केली आहे. ग्रंथी जागी होईपर्यंत पोट रिकामं ठेवायचं नाही. श्रावणातला पुढचा सोमवार आला, तेव्हा सकाळी आठला मी भगर आणि शेंगदाण्याची आमटी करून त्यांच्यासमोर ठेवली. उपवासाचंच आहे, म्हणाले, फक्त वेळ बदलली. त्यांनी ताट ढकललं.

“माझ्या सोमवारांचं पुण्य बुडवलंस, मास्तरीण.”

“बुडू द्या. गोळी घेतलीय, आता घास घ्या.”

“न्हाय घेतला तर?”

“तर मी इथंच उभी आहे. शाळा दुपारची आहे.”

त्या बघत राहिल्या. मी बघत राहिले. पाच मिनिटं असतील. मग त्यांनी एक घास घेतला, चावत चावत मला एक शिवी दिली. कन्नडमध्ये. माझ्या माहेरच्या सात पिढ्या घेणारी. मला कळतं हे आता त्यांना माहीत आहे. म्हणूनच दिली.

मी कन्नडमध्येच विचारलं, आणखी वाढू का.

“वाढ,” त्या म्हणाल्या. “आमटी आळणी झालीया.”